परमुलखात आलेल्याला त्याच्या भाषेतला ग्रंथ देताना

"सोसायटीचे वॉचमन नेपाळचे आहेत. त्यांना दिवाळीत गीता द्यायची आहे, नेपाळीत मिळेल का?" "आमच्या चर्चमध्ये झारखंडहून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबं येतात. त्यांना हिंदी बायबल चालेल ना?" "मंडळातर्फे परप्रांतीय कामगारांना हरिपाठाच्या हिंदी प्रती वाटायच्या आहेत, कायद्याची काही अडचण?" असे प्रश्न वाचक वारंवार विचारतात. विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. घर सोडून हजार-दीड हजार किलोमीटरवर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेतला पवित्र ग्रंथ हातात मिळाला, तर त्याचं मोल त्यालाच ठाऊक.

पण घोटाळा बहुतेक वेळा एकाच जागी होतो. आपल्याला प्रिय असलेल्या ग्रंथाचं त्याच्या भाषेतलं भाषांतर आपण शोधत बसतो. शोधायला हवा तो त्याच्या घरी, त्याच्या गावी वाचला जाणारा ग्रंथ. एवढं लक्षात ठेवलंत, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

आधी विचारा, मग खरेदी करा

दुकानात जाण्यापूर्वी त्या व्यक्तीशी निवांत बोला. कामाच्या गडबडीत किंवा चारचौघांत नको. एवढं विचारलं तरी पुरे:

- गावी घरात कोणती भाषा बोलता?
- वाचायचं झालं तर कोणत्या लिपीतलं सहज वाचता येतं?
- गावी घरात कोणतं पुस्तक वाचलं जायचं? कोण वाचायचं?
- इथं ते तुमच्याकडे आहे का? नसेल, तर आणून दिलेलं आवडेल का?

"तुमचा धर्म कोणता?" असं थेट विचारू नका. नावावरून अंदाजही बांधू नका, तो चुकतो. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात हवी ती माहिती मिळून जाते. आणि चौथ्या प्रश्नाला "नको" असं उत्तर आलं, तर विषय तिथेच संपला असं समजा.

पहिले दोन प्रश्न वेगवेगळे का, तेही सांगतो. भोजपुरी, मैथिली किंवा छत्तीसगढी बोलणारे बहुतेक जण वाचतात हिंदी. तिथं बोलीतलं पुस्तक शोधायला धडपडण्याची गरज नसते. संथाळी बोलणाऱ्याच्या बाबतीत मात्र भाषा कळली तरी अर्धंच काम होतं. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये तयार केलेली ओल चिकी लिपी आहे, मिशनऱ्यांनी रूढ केलेली रोमन लिपी आहे, शिवाय राज्यानुसार देवनागरी, बंगाली आणि ओडिया लिपीतही संथाळी लिहिली जाते. ओल चिकीतलं पुस्तक रोमन वाचणाऱ्याच्या हाती पडलं, तर ते भिंतीवरच्या खुंटीलाच टांगलेलं राहतं.

मुस्लिम कामगारांच्या बाबतीत "मुसलमान म्हणजे उर्दू" हे समीकरण मनातून काढून टाका. मालदा, मुर्शिदाबादहून आलेला गवंडी बंगाली वाचतो, त्याला उर्दूचं अक्षर कळेलच असं नाही. उत्तर प्रदेशातली तरुण पिढीही बऱ्याच प्रमाणात देवनागरीच वाचते.

कोणाच्या घरी काय वाचलं जातं

विचारल्यावर लोक सांगतात, पण पुष्कळदा संकोचाने "कुछ भी चलेगा" असंही म्हणतात. अशा वेळी तुम्हाला थोडी माहिती असेल, तर त्यांना नावानिशी विचारता येतं. नाव ऐकताच समोरच्याचा चेहरा फुलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

*ओडिशा.* केंद्रपाडा जिल्ह्यातले प्लंबर देशभर पसरलेले आहेत, आपल्या शहरांतही आहेत. ओडिया घरात पहिला मान जगन्नाथ दासांच्या भागवताचा. सोळाव्या शतकातल्या या संताने संस्कृत भागवत नऊ अक्षरांच्या सोप्या छंदात ओडियात आणलं. ते म्हणता यावं आणि शेतकऱ्याच्याही तोंडी बसावं, अशी त्याची रचना आहे. गावोगावी ते वाचण्यासाठी 'भागवत टुंगी' नावाची स्वतंत्र जागा असते. मराठी माणसाला ज्ञानेश्वरीचं जे स्थान, तेच ओडिया माणसाला या भागवताचं. अशा माणसाला गीतेचा ओडिया अनुवाद दिलात तर तो हात जोडून घेईल, पण भागवत दिलंत तर वाचेल.

*नेपाळ.* भानुभक्त आचार्यांचं (१८१४–१८६८) रामायण नेपाळीभाषकांना जवळचं आहे. त्याहीपेक्षा घराघरातलं पुस्तक म्हणजे स्वस्थानी व्रतकथा. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी तिचा एकेक अध्याय वाचला जातो. वॉचमन कुटुंबासह राहत असेल, तर घरच्या बाईला आधी विचारा. व्रत बहुधा तीच करते. पुस्तक पौष सुरू होण्यापूर्वी हाती पडायला हवं, दिवाळीची वेळ त्यासाठी उत्तम. लिपी देवनागरी असल्याने प्रत नीट छापली आहे की नाही, हे तुम्हालाही पाहता येतं.

*बंगाल.* कृत्तिवासी रामायण आणि काशीदासी महाभारत हे मोठे ग्रंथ. ज्यांना जागेची अडचण आहे, त्यांच्यासाठी 'लक्ष्मीर पांचाली' ही छोटी पुस्तिका. दर गुरुवारी लक्ष्मीपूजेला घरातल्या बायका ती वाचतात. घरकामाला येणाऱ्या बंगाली ताईंना ही पातळशी पुस्तिका मोठ्या ग्रंथापेक्षा जास्त उपयोगी पडते.

*उत्तर प्रदेश, बिहार.* इथं रामचरितमानसला तोड नाही. भाषा अवधी असली तरी भोजपुरी आणि मैथिली मुलखातही ते तितकंच आपलं मानलं जातं. एकोणिसाव्या शतकात मॉरिशस, फिजीच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध मजुरांनी, हाच ग्रंथ सोबत नेला होता. मात्र यांच्याकडे तो आधीपासून असण्याची शक्यता मोठी. तेव्हा सुंदरकांडाची मोठ्या टायपातली वेगळी प्रत विचारून पाहा.

*केरळ.* एळुत्तच्छन यांचं अध्यात्म रामायण कर्किटकम महिन्यात, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, महिनाभर वाचतात. जूनमध्ये द्या.

*आसाम.* शंकरदेवांची कीर्तन-घोषा आणि माधवदेवांची नामघोषा. तिकडच्या नामघरात, म्हणजे प्रार्थनागृहात, गुरू-आसनावर मूर्ती नसते, पवित्र ग्रंथ असतो. म्हणून ग्रंथ देताना कोऱ्या कापडात गुंडाळून द्या.

तमिळसाठी कंब रामायण, तेलुगूसाठी पोतनांचं भागवत, कन्नड लिंगायत घरांसाठी बसवण्णा आणि इतर शरणांची वचनं, ही नावं ध्यानात असू द्या.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून येणारी उरांव, मुंडा, हो समाजातली कित्येक कुटुंबं सरना परंपरा पाळतात. त्यांचं पवित्र स्थान गावाजवळची देवराई आहे, सरहुल हा त्यांचा मोठा सण आहे आणि त्यांचा धर्म कोणत्याही एका पुस्तकात लिहिलेला नाही. त्यांच्या भाषेत काहीतरी छापलेलं मिळालं म्हणून ते त्यांच्या हातात ठेवू नका. सरहुलच्या दिवशी सुट्टी मिळवून दिलीत, तर ती त्यांच्यासाठी कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठी भेट आहे.

बायबल, कुराण, गुरुग्रंथ: तीन ठिकाणी खास काळजी

ख्रिस्ती कुटुंबाला बायबल देण्याआधी ती माणसं कॅथलिक आहेत की प्रोटेस्टंट, हे त्यांच्या गावच्या चर्चवरून समजून घ्या. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. चुकीची आवृत्ती दिलीत तर मिस्सेला वाचलेला उतारा घरच्या पुस्तकात सापडतच नाही. भाषांची मात्र ददात नाही. ओडिया नवा करार सेरामपूरच्या छापखान्यातून १८०९ मध्ये आला, नेपाळी संपूर्ण बायबल १९१४ मध्ये. कुरुख, मुंडारी, संथाळी भाषांतही बायबल आहे. झारखंडच्या कुटुंबांना हिंदी चालेल का, या प्रश्नाचं उत्तर असं: मुलांना चालेल, आजी-आजोबांना विचारा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. विद्वानांचं मराठी न समजणाऱ्या बायाबापड्यांना ते वाचता यावं, हाच त्यांचा ध्यास होता. तोच निकष तुम्हीही लावा.

कुराणाचं भाषांतर देताना मूळ अरबी संहिता सोबत असलेली प्रत निवडा. नुसता अनुवाद अनेकांना अपुरा वाटतो. कोणत्या भाषांतराला त्यांच्याकडे मान्यता आहे, हे त्यांच्या मशिदीच्या इमामांना विचारून घेतलेलं बरं. प्रत जमिनीवर ठेवू नका, इतर सामानाखाली दाबू नका आणि देताना हात स्वच्छ असू द्या.

शीख कामगाराला गुरू ग्रंथ साहिब 'भेट' देण्याचा विचारही करू नका. १४३० अंगांचा, म्हणजे पानांचा, हा ग्रंथ शिखांसाठी साक्षात गुरू आहे. त्याची स्थापना, सेवा आणि ने-आण यांची कडक मर्यादा आहे, आणि ती एका खोलीत दाटीने राहणाऱ्याला पाळता येणं कठीण. नित्य पाठाच्या बाण्यांची छोटी पोथी, म्हणजे गुटका साहिब, मात्र देता येतो. तो जवळच्या गुरुद्वारात मिळतो, गुरुमुखी येत नसेल तर देवनागरीतही मिळतो. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांचीही पदं आहेत, हे देताना जरूर सांगा. गप्पांना छान सुरुवात होते.

प्रत कशी असावी

ही पुस्तकं कुठं ठेवली जाणार आहेत, ते एकदा डोळ्यांनी पाहून या. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत सहा-आठ जण राहतात. कपाट नसतं. भिंतीला मारलेल्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. तिच्यात आधारकार्डाची झेरॉक्स, औषधाची पट्टी, घरच्यांचा फोटो आणि असलंच तर पुस्तक. पावसाळ्यात पत्रा गळतो, उंदीर फिरतात. वाचायची वेळ रात्री जेवणानंतरची, आणि उजेड एका बल्बचा किंवा मोबाइलचा. म्हणून:

- टाइप मोठा हवा. पान हातभर अंतरावर धरून तुम्हाला ओळ वाचता आली पाहिजे.
- बांधणी शिवलेली हवी. नुसत्या चिकटवलेल्या पुस्तकाची पानं एका पावसाळ्यात सुटतात.
- आकार पिशवीत मावेल असा. मानसच्या गुटका आकाराच्या प्रती याच सोयीसाठी असतात, पण त्यांचा टाइप बारीक असतो. चाळिशी ओलांडलेल्याला मधला आकार द्या.
- सोबत चेनची जाड प्लास्टिक पिशवी आणि गुंडाळायला सुती कापड द्या.

घाऊक खरेदीपूर्वी एकच प्रत आणा आणि ज्याला द्यायची त्याच्याकडून चार ओळी मोठ्याने वाचून घ्या. तो अडखळला तर भाषा किंवा आवृत्ती बदला. पन्नास प्रती आणल्यावर ही गोष्ट कळून उपयोग नसतो.

वाचता येत नसेल तर

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण कामगारांच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा. वाचता न येणाऱ्याच्या हाती ग्रंथ दिला, तर तो ओशाळतो आणि तसं सांगतही नाही. त्याच्यासाठी ध्वनिमुद्रित पाठ भरलेलं मेमरी कार्ड द्या. रोजचा डेटा संपलेला असला तरी ते चालतं. बायबल, कुराण, मानस, ओडिया भागवत या सगळ्यांचे पाठ ध्वनिरूपात मिळतात. हक्क राखीव असलेलं ध्वनिमुद्रण नक्कल करून वाटू नका, प्रकाशकाची परवानगी घ्या किंवा विकत घ्या.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. त्याच वस्तीत वाचता येणारा एखादा असतोच. त्याला मोठी प्रत द्या आणि आठवड्यातून एक संध्याकाळ बसायला जागा मिळवून द्या. सोसायटीचं क्लबहाऊस, मंदिराचा ओटा, चर्चचा हॉल, काहीही चालेल. ओडिशातलं भागवत, नेपाळातली स्वस्थानी, केरळातलं रामायण, सगळीकडे एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. गावची रीत इथंही चालू राहिली, तर पुस्तकाइतकाच त्या बसण्याचाही आधार वाटतो.

देताना काय टाळावं

- रेशन, ब्लँकेट, औषध आणि ग्रंथ एकाच वेळी देऊ नका. ग्रंथ घेतला तरच बाकीचं मिळेल, असा समज क्षणात पसरतो.
- तुम्ही मालक, मुकादम किंवा घरमालक असाल, तर स्वतः देऊ नका. तुमच्यासमोर "नको" म्हणणं त्यांना शक्य नसतं. त्यांच्यातल्याच कोणाकरवी विचारा.
- फोटो काढू नका. नाव, फोन, आधार क्रमांक लिहून घेऊ नका.
- मुलांना आईवडिलांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.
- मुखपृष्ठावर किंवा आत मंडळाची जाहिरात, नेत्याचा फोटो चिकटवू नका. ग्रंथ पूजेत ठेवायचा असतो.

हरिपाठाच्या हिंदी प्रतींविषयी विचारणाऱ्या वाचकांना माझं स्पष्ट मत: हरिपाठ कोणाला ऐकायचा असेल, तर त्याला भजनाला बोलवा, अर्थ सांगा, मागितलं तर पुस्तक द्या. पण ओडिया किंवा नेपाळी कामगारांना आपल्या भाषेतला ग्रंथ मिळाल्याचं समाधान त्यातून मिळणार नाही, आणि हेतू तर तोच होता.

कायदा आणि हक्क

राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. हा हक्क 'सर्व व्यक्तींना' आहे, केवळ नागरिकांना नाही. त्यामुळे नेपाळहून आलेल्या वॉचमनलाही तो आहे. ज्याचा जो धर्म, त्याचा ग्रंथ त्याला देण्यात कायद्याची अडचण नाही.

दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपला ग्रंथ द्यायचा असेल तर मात्र जपून. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन यांतून होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध अनेक राज्यांत कायदे आहेत. ओडिशाचा तर १९६७ पासूनचा आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात भेटवस्तू, नोकरी आणि धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही प्रलोभनात मोडतं. ज्या राज्यात वाटप करणार, तिथला आजचा कायदा वकिलाकडून समजून घ्या. कामगार नेपाळला गावी निघाला असेल, तर गावात वाटायला म्हणून पुस्तकांचा गठ्ठा त्याच्या गळ्यात घालू नका. तिथल्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे, आणि अडकेल तो.

घटनेच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. स्थलांतरितांची मुलं पालिका शाळेत असली तरी तिथं वाटप नको. रुग्णालय, रेल्वे स्थानक, खासगी साइट अशा ठिकाणी संबंधितांची लेखी परवानगी घ्या.

घेणाऱ्याचेही हक्क आहेत आणि ते त्याला सांगायला हवेत. तो नाकारू शकतो, घेतलेलं परत करू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. वाचलं का, असं त्याला कोणी विचारायचं नाही.

कुठून आणायचं, कसं पाठवायचं

गोरखपूरचा गीता प्रेस (स्थापना १९२३) हिंदीखेरीज बंगाली, ओडिया, तेलुगू, तमिळ, कन्नड, नेपाळी अशा अनेक भाषांत स्वस्त दरात छापतो. मोठ्या रेल्वे स्थानकांवर त्यांचे स्टॉल दिसतात, पण तिथं बहुधा हिंदीच मिळतं. इतर भाषांसाठी मागणी नोंदवावी लागते. बायबलसाठी बायबल सोसायटी ऑफ इंडिया. ओडिया भागवतासाठी कटकचे प्रकाशक गाठा, किंवा सर्वांत सोपं म्हणजे गावी जाऊन येणाऱ्या कामगारालाच पैसे देऊन आणायला सांगा. तो नेमकी हवी ती प्रत आणतो.

टपालाने पाठवायचं असेल, तर १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. धार्मिक पुस्तकंही तिच्यात बसतात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात लावला असेल तर विचारा.

परदेशातल्या मराठी माणसासाठी

इथंही तोच नियम: त्याच्या घरचा ग्रंथ कोणता, ते आधी विचारा. सगळ्याच मराठी घरांत ज्ञानेश्वरी नसते. कुठं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असतो, कुठं मराठी बायबल. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली यहुदी कुटुंबांत वल्हांडणाच्या सणाला वाचायच्या हग्गादाची मराठी पोथी असायची. ती मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली होती. अलिबाग, पनवेलकडच्या जुन्या पेट्यांत अशी मराठी यहुदी पुस्तकं अजून निघतात. तुमच्याकडे एखादं असेल तर रद्दीत घालू नका, त्या समाजातल्या मंडळींपर्यंत पोहोचवा.

अमेरिकेत वाढलेल्या नातवंडांना देवनागरी जड जात असेल, तर मूळ ओवीसोबत रोमन लिपीतला उच्चार आणि इंग्रजी अर्थ असलेली प्रत निवडा. आखातात पाठवताना मात्र विचारूनच पाठवा. सौदी अरेबियात इतर धर्मांची पुस्तकं वाटण्याला परवानगी नाही. एकट्याच्या वाचनासाठी मोबाइलवरची प्रत हा तिथं सुरक्षित मार्ग आहे, आणि एकाच पार्सलमध्ये अनेक प्रती तर कधीच नकोत. कस्टम्सला उत्तर तिथल्या तुमच्या माणसाला द्यावं लागेल.